सीपीयूसेट पार्टिशन: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

माझ्या आठ कोअरच्या लिनक्स मशीनवर थेट ऑडिओ प्रोसेसिंग चालतं आणि कंपाइल, बॅकअपही तिथेच. नुसत्या टास्कसेट या कमांडनं भागत नव्हतं. टास्कसेट आपलं काम ठरावीक कोअरवर बांधतं, पण बाकीच्यांना तिथे यायला मज्जाव करत नाही. कंपायलर सुरू झाला की आवाजात तडतड ठरलेली.

सीग्रुप व्ही2, म्हणजे प्रोग्रामचे गट करून त्यांना संसाधनं वाटून देणारी लिनक्सची सोय, त्यातलं सीपीयूसेट पार्टिशन नेमका हाच मज्जाव करतं. ग्रुपला 4 ते 7 हे कोअर देऊन पार्टिशनच्या फाइलमध्ये 'रूट' लिहिलं की ते वरच्या ग्रुपच्या वाट्यातून जातात आणि त्यांचं वेगळं शेड्युलिंग डोमेन बनतं, म्हणजे कामांची वाटणी त्यांच्या आतच होते. इतर कामं आपसूक उरलेल्या कोअरवर सरकतात. कोअर वेगळे काढणाऱ्या आयसोलसीपीयूज या बूट पर्यायासारखं रीबूट करावं लागत नाही, म्हणून मला हे फारच आवडलं. मोठं बिल्ड लावायचं असेल तेव्हा 'मेंबर' लिहायचं, चारही कोअर परत.

लिहिल्यावर ती फाइल पुन्हा वाचायची सवय मात्र लावाच. अटी जुळल्या नाहीत तरी फाइलमध्ये लिहिणारी इको कमांड मुकाट पार पडते; वाचल्यावर 'रूट इनव्हॅलिड' आणि पुढे कारण दिसतं.

कर्नल 6.1 पासून 'आयसोलेटेड' हा प्रकारही आहे. त्यात लोड बॅलन्सिंगच, म्हणजे कोअरमध्ये कामं आपोआप वाटणं, बंद असतं. बरेच थ्रेड असलेला प्रोग्राम तसाच सोडला तर ते एकाच कोअरवर गर्दी करून बसतात आणि शेजारचे कोअर रिकामे राहतात. टॉप ही कमांड उघडून 1 दाबलं की दर कोअरचा वापर दिसतो आणि हे लगेच कळतं. प्रत्येक थ्रेड हातानं बांधायची तयारी असेल तरच हा घ्या. बहुतेकांना 'रूट' पुरेल, आणि डेडलाइन शेड्युलिंगची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी व्हायला हवीत अशी कामं मोजक्या कोअरवर ठेवायची असतील तर तोच सरळ मार्ग.

इंटरप्टवर, म्हणजे हार्डवेअर कोअरला मध्येच थांबवून देतं त्या हाकेवर, पार्टिशनचा काहीही ताबा नाही! इंटरप्टची कोअरवार मोजणी दाखवणाऱ्या प्रॉक-इंटरप्ट्स या फाइलमध्ये नेटवर्क कार्डाची मोजणी कोअर 5 च्या रकान्यात वाढतच होती. इंटरप्टचं स्मार्ट वाटप करणाऱ्या आयआरक्यूबॅलन्स या प्रोग्रामला ते चार कोअर वर्ज्य केले. विलंब मोजणाऱ्या सायक्लिकटेस्टचा कमाल आकडा खऱ्या अर्थानं खाली आला तो त्यानंतर. हायपरथ्रेडिंग असेल, म्हणजे एकच कोअर दोन असल्यासारखा दिसत असेल, तर जोडीतले दोन्ही एकाच पार्टिशनमध्ये घ्या, नाहीतर बाहेर राहिलेला जोडीदार सामायिक कॅशे खातोच.

दर कोअरचे कर्नल थ्रेड जागेवरच राहतात, त्याबद्दल तक्रार नाही. टायमरची टिक, म्हणजे कर्नल ठरावीक वेळानं कोअरला देतो तो धक्का, थांबवायला मात्र नोएचझेड-फुल हा पर्याय बूटलाच द्यावा लागतो. तेवढं चालू कर्नलवर पार्टिशनबरोबर बदलता आलं, तर मला आणखी काही मागायचं नाही.