शिरा बंद असताना पेसमेकर : कार्डिओलॉजी विभागाला ५ पैकी ४ स्टार

बाबांची केस किचकट होती. डायलिसिस चालू, डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेली) म्हणजे ती बाजू बादच, उजवीकडे मानेत आधी डायलिसिसचा कॅथेटर बरेच महिने होता. त्यात एएफ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) आणि ठोके इतके स्लो की उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. आधी जिथे गेलो (नाव घेत नाही) तिथे शीर मोकळी आहे का हे न बघताच पेसमेकरची वायर घालायला कॉलरबोनखाली सुया टोचत बसले, वायर पुढे जाईना, शेवटी पट्टी लावून घरी पाठवलं.

इथे सगळ्यात आधी व्हेनोग्राम केला. हाताच्या शिरेत डाय सोडला आणि स्क्रीनवर आम्हालाही दाखवलं, काळी रेघ दंडातून वर येते, कॉलरबोनपाशी अडते आणि तिथून बारीक बारीक फाटे फुटून कडेकडेने जातात. म्हणजे ब्लॉक जुना, शरीराने आपला रस्ता शोधलेला. मग डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून एकेक मार्ग सांगितला. बलूनने शीर उघडायची, किंवा मानेतल्या ज्युग्युलर शिरेतून लीड (पेसमेकरची वायर) घालून कॉलरबोनवरून कातडीखालून छातीत आणायची (तिथे घासून लीड तुटू शकते, शिवाय बाबांची ती शीरही अरुंदच निघाली), किंवा खालून ओटीपोटातल्या इलियाक शिरेतून लांब लीड घालून पेसमेकरची डबी पोटावर, पण त्यात लीड सरकायची भीती जास्त. छाती उघडून हृदयाच्या बाहेरून लीड लावणं हा शेवटचा उपाय.

आम्ही लीडलेस, म्हणजे बिनवायरचा पेसमेकर घेतला. जेमतेम २ ग्रॅमची कॅप्सूल, जांघेतल्या शिरेतून थेट उजव्या खालच्या कप्प्यात. छातीत डबीसाठी पॉकेट (कातडीखालचा खिसा) नाही, वायर नाही, त्यामुळे डायलिसिसवाल्यांना इन्फेक्शनच्या दृष्टीने बरा. तो आत न्यायची नळी मात्र चांगली ९ मिमी जाड असते आणि हृदयाला भोक पडायचा धोका थोडा का होईना असतो, हे त्यांनी लपवलं नाही, आपल्याला हेच आवडलं. बाबांना कायमचा एएफ म्हणून फक्त खालच्या कप्प्याचं पेसिंग (मशीनने ठोके देणं) पुरलं, ज्यांचा वरचा कप्पा नीट चालतोय त्यांनी आपल्याला हा चालेल का ते आधी स्पष्ट विचारा.

आता कापलेला स्टार. रात्रपाळीची सिस्टर छातीवर ड्रेसिंग शोधतेय, "काका, पेसमेकर कुठे बसवलाय?" जांघेतला टाका आणि पाय सरळ ठेवायचा हे आम्हीच तिला सांगायचं! डिस्चार्जच्या कागदावर तर "डावा हात खांद्याच्या वर उचलू नये", अहो वायरच नाही तर हात कशाला बांधून ठेवायचा, सरळ कॉपी पेस्ट. सांगितल्यावर बदलून दिला पण इतका भारी विभाग आणि कागद असला?

डिव्हाइस कार्डही मागितल्यावरच मिळालं, निघायच्या आधी घ्याच, एमआरआयच्या वेळी लागतं.