पाचगणीच्या थंडीत आगाप टोमॅटो: प्लास्टिकचा बोगदा की क्रॉप कव्हर?

वेण्णा लेकच्या काठावर दवबिंदू गोठले की पर्यटक खूश होतात, टोमॅटो नाही. रात्रीचं तापमान १० अंशांखाली गेलं की रोपाची वाढ थबकते. १३ च्या आसपास फळधारणाच बिघडते. त्यामुळे आगाप, म्हणजे हंगामाच्या आधी येणारा माल हवा असेल तर झाकणं आलंच.

कमानींवर ताणलेलं पारदर्शक प्लास्टिक दिवसा भरपूर ऊब धरतं, माती लवकर तापते. पण उन्हं वर आली की आत भट्टी होते. रोज सकाळी बाजू उचला, संध्याकाळी पाडा; एखादा दिवस राहिलं की कोवळे शेंडे गेले. शिवाय आत ओल कोंडते आणि करपा रोगाला आयतं घर मिळतं.

क्रॉप कव्हरचं पांढरं कापड हलकं. हवा खेळते, पांढरी माशी बाहेर राहते, रोजची उठाठेव नाही. ऊब मात्र बेताचीच.

घराच्या परसात चार वाफे असतील तर प्लास्टिक परवडतं. रान लांब असेल तर मी कापडच घेईन. खाली वाईकडे तर तेवढंच पुरतं. फुलं लागली की दोन्ही दिवसा उघडायचं, वाऱ्यानं फुलं हलल्याशिवाय पराग नीट झडत नाहीत.