मकरपुऱ्यात मोजमापाचा डेटा डीएफक्यूमध्ये करून देणारे काका, माझा अनुभव

बडोद्यात कोणाला इन्स्पेक्शनचा डेटा एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात करून घ्यायचा असेल तर हे वाचा, मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर आमचा एक अख्खा लॉट पंधरा दिवस पडून राहिला नसता.

आमचं युनिट मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आहे, हायड्रॉलिक व्हॉल्वचे स्पूल (व्हॉल्वच्या आत सरकणारा दांडा) आणि बुश करतो, क्वालिटी मी बघते. आतापर्यंत सगळ्या कस्टमरना एक्सेल शीट आणि सही-शिक्क्याची पीडीएफ चालायची. मग एका कस्टमरचा मेल आला की यापुढे 50 पीसचा डेटा डीएफक्यू फाइलमध्येच हवा, नाहीतर पीपॅप (पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) पुढे सरकणार नाही. डीएफक्यू म्हणजे क्यू-डास या क्वालिटीच्या सॉफ्टवेअरचा फॉरमॅट, गाड्यांच्या इंडस्ट्रीत बऱ्याच ठिकाणी मागतात. आहे साधी टेक्स्ट फाइलच. प्रत्येक माहितीला एक के-नंबर, म्हणजे के1001 पार्ट नंबर, के2002 मापाचं नाव, के2101 नॉमिनल (ड्रॉइंगवरचं मूळ माप), के2110 खालची लिमिट, के2111 वरची लिमिट, आणि खाली ओळीने रीडिंग. बघितल्यावर वाटतं यात काय आहे, कॉलम इकडचे तिकडे केले की झालं, आणि माणूस इथेच फसतो.

आमचंही तेच झालं. शेठनी नेटवरून एक कन्व्हर्टर विकत घेतला, नाव लिहीत नाही, फाइल टाकली, अर्ध्या मिनिटात डीएफक्यू बाहेर, आम्ही खूश होऊन पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी कस्टमरकडून फोन, तुमचे 50 पैकी 50 पीस टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या कमी-जास्तच्या) बाहेर आहेत. मी तेच पीस पुन्हा मायक्रोमीटरने मोजले, एकूण एक ओके. शेठ माझ्याकडे बघतायत, मी फाइलकडे, आणि फाइलमध्ये चूक कुठे आहे तेच कळेना. त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं सांगते.

शेजारच्या शेडमधल्या टूलरूमवाल्यांनी काकांचं सांगितलं. मेन रोडपासून दोन गल्ल्या आत, वरच्या मजल्यावर एक खोली, बाहेर छोटी पाटी, कॅलिब्रेशनची कागदपत्रं आणि डेटा कन्व्हर्जन. काका कलाभवनचे, म्हणजे एमएस युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीतले मेकॅनिकलवाले, आयुष्यभर स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मोजमापाची साधनं तपासतात तिथे, काम केलेले. मी जाऊन पेन ड्राइव्ह पुढे केला तर म्हणाले, "बेसो बेसो, पेन ड्राइव्ह राहू द्या ताई, आधी ड्रॉइंग दाखवा." मला वाटलं ड्रॉइंग कशाला, डेटा तर यात आहे. पण त्यांचं बरोबर होतं, सगळं तिथूनच सुटलं.

स्पूलचा ओडी (बाहेरचा व्यास) 25 एच6 आहे, म्हणजे वर शून्य आणि खाली उणे 13 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), 25.000 ते 24.987 मिलिमीटर. आमच्या सीएमएमच्या (मापं घेणाऱ्या मशीनच्या) रिपोर्टमध्ये टॉलरन्सच्या कॉलममध्ये फक्त 0 आणि -0.013 असं येतं, कारण ते नॉमिनलपासूनचे फरक आहेत. त्या कन्व्हर्टरने तेच दोन आकडे उचलून थेट के2110 आणि के2111 मध्ये टाकले होते. म्हणजे फाइल म्हणत होती की व्यास उणे 0.013 आणि शून्याच्या मध्ये पाहिजे! मग 24.993 चा पीस बाहेर जाणारच की. फरकांसाठी के2112 आणि के2113 अशा वेगळ्या जागा आहेत, के2110 आणि के2111 मध्ये पूर्ण लिमिट लागते. काकांनी पेन्सिलने ड्रॉइंगच्या कडेला चारही आकडे लिहून दाखवले तेव्हा मला रडू आवरलं नाही, पंधरा दिवसांचा ताण होता तो.

दुसरी चूक तर आमच्याच शीटमध्ये होती. कोणीतरी एक्सेलमध्ये सेल दोन दशांशावर सेट करून ठेवले होते आणि तिथूनच सीएसव्ही सेव्ह केली होती. सीएसव्ही करताना एक्सेल स्क्रीनवर जे दिसतं तेच लिहितो, आतला पूर्ण आकडा जात नाही. त्यामुळे 24.993, 24.991, 24.988 सगळे 24.99 झाले, आणि 24.996, 24.998 झाले 25.00. तेरा मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये दहा मायक्रॉनच्या पायऱ्या! काकांनी रीडिंगच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पन्नास पीसमध्ये दोनच आकडे आलेत, असं मशीन मी अजून पाहिलं नाही." मी ही शीट महिनाभर रोज बघत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही मूळ सीएमएमची फाइलच देतो, मध्ये एक्सेल नाहीच.

रनआउटचं (पीस फिरवल्यावर तो किती डगमगतो त्याचं) मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. ड्रॉइंगवर 0.010 मॅक्स आहे, खालची लिमिट लिहिलेली नाही. कन्व्हर्टरने खालची लिमिट म्हणून शून्य घातलं, इथपर्यंत ठीक, पण शून्य ही इथे ग्राइंडरवाल्याला गाठायची जागा आहे, रनआउट शून्याखाली जाऊच शकत नाही, म्हणून ती नैसर्गिक हद्द आहे असं फाइलमध्ये वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर सीपीके (रीडिंग लिमिटच्या आत किती सुरक्षित बसतात तो आकडा) काढताना सॉफ्टवेअर शून्यापासूनचं अंतरही मोजतं. काकांनी कागदावर करून दाखवलं, सरासरी 0.002 आणि सिग्मा (रीडिंगचा पसारा) 0.001 धरला तर वरच्या बाजूने 2.67 येतं आणि खालच्या बाजूने 0.67, आणि रिपोर्टमध्ये लहान आकडा छापला जातो. म्हणजे आमचा ग्राइंडरवाला जितकं चांगलं काम करणार तितका त्याचा सीपीके पडणार, आणि कस्टमर 1.67 मागतोय. तो बिचारा विनाकारण बोलणी खात होता याचं मला अजून वाईट वाटतं.

बाकी बारीकसारीक पण होतंच. पार्ट नंबरच्या पुढची दोन शून्यं एक्सेलने खाल्ली होती. दोन रिकाम्या रीडिंगच्या जागी 0 आलं होतं, तिथे खरं तर अॅट्रिब्यूट (रीडिंगच्या पुढची खूण) 255 द्यायचा असतो म्हणजे ती व्हॅल्यू हिशोबात धरली जात नाही. तारीख दिवस आधी महिना नंतर अशी हवी, आमच्या पीसीवर उलटं होतं, त्यामुळे 4 जुलैचे पीस 7 एप्रिलला जाऊन बसले आणि चार्टचा क्रमच बिघडला. आणि हे फार महत्त्वाचं, डीएफक्यू कधीही मेलमध्ये कॉपी-पेस्ट करू नका. रीडिंगच्या मध्ये न दिसणारी चिन्हं असतात, आस्कीची 20 आणि 15 नंबरची, ती पेस्ट करताना गळाली की 24.993 आणि त्याच्या पुढचा अॅट्रिब्यूटचा 0 चिकटून 24.9930 होतो आणि त्यालाच पुढे तारीख लागते. अटॅचमेंटच करा, झिप केली तर अजून चांगलं.

काम झाल्यावर काकांनी नुसती फाइल हातात दिली नाही. डीएफक्यू परत उघडली, प्रत्येक मापाची सरासरी, सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान व्हॅल्यू मूळ फाइलशी माझ्यासमोर ताडून बघितली, आणि कोणतंही एक रीडिंग मला निवडायला सांगून ते दोन्हीकडे शोधून दाखवलं. मी 37 नंबरचा पीस सांगितला, जुळला. ती फाइल कस्टमरकडे पहिल्या फटक्यात पास झाली.

आता तक्रारी. काका एकटेच आहेत, त्यामुळे घाई असेल तर कठीण, माझं काम चार दिवसांनी मिळालं. उत्तरायणच्या आठवड्यात खोली बंदच असते. फोनवर काही सांगत नाहीत, कागद घेऊन यावंच लागतं. पहिल्या पार्टच्या मॅपिंगचे (कोणतं माप कोणत्या के-नंबरला जातं ते बसवायचे) 6000 घेतले, शेठना ते जास्त वाटले, पण तोच पार्ट पुन्हा असेल तर फाइलमागे 300 च घेतात, आणि अडकलेल्या लॉटपुढे मला ते काहीच वाटत नाहीत. एक गोष्ट मात्र मला पटली नाही, सुरुवातीला मॅपिंगची यादी द्यायला तयार नव्हते, मला मागून घ्यावी लागली. आमचा पार्ट, आमचं ड्रॉइंग, तर कोणतं माप कुठे जातं हे आमच्याकडे लिहिलेलं असायलाच पाहिजे, उद्या काका नसले तर? शेवटी त्यांनी दिली, प्रिंट काढून सही करून दिली. डेटा त्यांच्या कॉम्प्युटरवर ठेवायचा नसेल तर तसं आधीच सांगा, मी सांगितल्यावर त्यांनी सगळं काम माझ्या लॅपटॉपवरच केलं, कुरकुर केली नाही.

क्यूआयएफ (मोजमापाच्या डेटाचा दुसरा एक फॉरमॅट) हवं असेल तर इथे जाऊ नका. ते एक्सएमएलवालं आहे, 2020 साली आयएसओ 23952 झालं, त्यात मोजमाप थ्रीडी मॉडेलवरच्या फीचरला जोडलेलं असतं, आणि काकांनी स्वतःच सांगितलं की ते माझं काम नाही, उगाच पैसे घेऊन करणार नाही. हे मला आवडलं.

जाणार असाल तर संध्याकाळी पाचनंतर जा. सोबत लेटेस्ट रिव्हिजनचं ड्रॉइंग, मशीनमधून निघालेली मूळ फाइल (एक्सेल नको), आणि कस्टमरने कोणते के-फील्ड कंपल्सरी सांगितलेत ती यादी, एवढं न्या. बुशचं मॅपिंग अजून बाकी आहे, त्यासाठी मी येत्या गुरुवारी जातेय, आणि या वेळी ग्राइंडरवाल्यालाही घेऊन जाणार आहे, त्याला तो 0.67 आणि 2.67 चा कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आहे.