व्हॅम्पायरच्या अंगावर कॅमेरा: 'अफ्लिक्टेड' बघावा की 'व्हॉट वी डू इन द शॅडोज'?

व्हॅम्पायरपट बघायचाय, पण फाउंड फुटेज पद्धतीचा, म्हणजे कथेतल्याच कुणाच्या तरी कॅमेऱ्यातून दिसणारा. अशी फर्माईश असेल तर दोन नावं हमखास पुढे येतात: २०१३ चा कॅनडाचा 'अफ्लिक्टेड' आणि २०१४ चा न्यूझीलंडचा 'व्हॉट वी डू इन द शॅडोज'. दोन्ही जेमतेम दीड तासाचे. दोन्ही दोघा मित्रांनी लिहिलेले आणि दिग्दर्शित केलेले, आणि दोन्हींत ते मित्र स्वतः पडद्यावर आहेत. पण पहिला घाबरवतो आणि दुसरा पोट धरून हसवतो. मला दोन्ही मनापासून आवडतात, तरी एकच निवडायचा तर माझं मत 'अफ्लिक्टेड'ला.

या प्रकारच्या सिनेमाची परीक्षा एकाच प्रश्नावर होते: जिवावर बेतलेलं असताना हा माणूस शूटिंग का करतोय? बरेच सिनेमे इथेच मार खातात. 'अफ्लिक्टेड'कडे याचं पक्कं उत्तर आहे. डेरेकच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत दोष आहे आणि तो कधीही जिवावर उठू शकतो. म्हणून तो आणि त्याचा मित्र क्लिफ जगप्रवासाला निघतात आणि त्याचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकत जातात. पॅरिसमध्ये एका रात्री डेरेकला एक तरुणी भेटते आणि थोड्याच वेळात तो खोलीत रक्तबंबाळ सापडतो. तिथून पुढे क्लिफचा कॅमेरा चालूच राहणं स्वाभाविक वाटतं. आधी मित्राच्या काळजीपोटी, मग त्याच्यात होत असलेल्या बदलांच्या थरारापोटी.

हे बदल फार बारकाईने दाखवलेत. इटलीत जेवायला बसल्यावर समोर चांगलं ताट येतं, डेरेक खातो आणि सगळं भडाभडा उलटून पडतं. नुसती मळमळ नाही, शरीर अन्नच नाकारतंय. मग उन्हात त्याची कातडी भाजू लागते आणि तो जीव खाऊन सावलीकडे पळत सुटतो. त्याच वेळी अंगात अफाट ताकद येते, दगडी भिंतीवर ठोसा मारला तर भिंत फुटते. हे बघून दोघं मित्र लहान मुलांसारखे खूश होतात. आपल्याला मात्र पुढे काय वाढून ठेवलंय ते कळत असतं, त्यामुळे त्यांच्या आनंदाचीच भीती वाटू लागते.

उत्तरार्धात कॅमेरा डेरेकच्या अंगावर बांधलेला असतो आणि सिनेमा वेगळ्याच पातळीवर जातो. इतर भयपटांत राक्षस अंधारातून आपल्या दिशेने येतो. इथे आपणच त्याच्या शरीरात असतो. इमारतीत शस्त्रधारी पोलीस शिरतात, त्या प्रसंगात भिंती, जिने, खिडक्या आपल्या अंगावरून जातात आणि समोरची माणसं एखाद्या बाहुलीसारखी भिरकावली जातात. हे सगळं साधारण ३ लाख डॉलरच्या बजेटमध्ये केलंय, हे सांगूनही पटत नाही.

उणिवाही आहेत. सुरुवातीची वीसेक मिनिटं प्रवासाच्या हौशी व्हिडिओसारखी आहेत, तेवढा धीर धरावा लागतो. शेवटाकडे व्हॅम्पायरचे नियम संवादातून समजावून सांगितलेत, तिथे जादू जराशी ओसरते.

'शॅडोज' खरं तर मॉक्युमेंटरी आहे, म्हणजे माहितीपटाचं सोंग घेतलेला सिनेमा. टायका वायटिटी आणि जेमेन क्लेमेंट या जोडीने तो आपल्याच २००५ च्या लघुपटावरून केला. शूटिंग का चाललंय, याचं उत्तर सुरुवातीच्या पाटीवरच मिळतं: चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात क्रूस आहे आणि व्हॅम्पायरांनी त्यांना अभय दिलंय. वेलिंग्टनमधल्या एका घरात चार व्हॅम्पायर एकत्र राहतात आणि पाच वर्षं न घासलेल्या भांड्यांवरून भांडतात. बरेचसे संवाद उत्स्फूर्त आहेत. शंभराहून जास्त तासांच्या फुटेजमधून हा सिनेमा कापून काढलाय आणि तरी तो कुठे रेंगाळत नाही.

माझं सगळ्यात लाडकं दृश्य म्हणजे त्या चौघांतल्या व्हियागोची टापटीप. सोफा खराब होऊ नये म्हणून तो बळी घेण्याआधी वर्तमानपत्रं पसरतो, आणि नेमकी धमनी फुटून कारंजं उडतं. आरशात आपण दिसत नाही म्हणून हे एकमेकांची चित्रं काढून 'मी कसा दिसतो' हे ठरवतात, तो विनोद तर हळवा करून जातो. त्यातला आठ हजार वर्षांचा पीटर १९२२ च्या 'नोस्फेरातू' सिनेमातल्या काउंट ऑर्लोक या व्हॅम्पायरसारखा रंगवलाय. जुने व्हॅम्पायरपट बघितलेल्यांना असे संदर्भ पावलोपावली सापडतील.

मग 'अफ्लिक्टेड'च का? कारण त्याने या पद्धतीचा वापर भीतीसाठी केलाय आणि व्हॅम्पायरच्या गोष्टीला ती पद्धत मुळातच शोभते. १८९७ ची 'ड्रॅक्युला' कादंबरीसुद्धा रोजनिशा, पत्रं, तारा आणि फोनोग्राफवरच्या नोंदी यांचीच बनलेली आहे. तिथे बहुतेक नोंदी शिकार होणाऱ्यांच्या आणि शिकाऱ्याचा माग काढणाऱ्यांच्या आहेत. 'अफ्लिक्टेड'ने नोंद ठेवणंच शिकाऱ्याकडे सोपवलं.

तरी तीन बाबतींत निर्णय बदला. हलत्या कॅमेऱ्याने तुम्हाला गरगरत असेल तर 'अफ्लिक्टेड'चा उत्तरार्ध सोसणार नाही, सरळ 'शॅडोज' लावा. आणि 'अफ्लिक्टेड'मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाचं एक दृश्य आहे. तो विषय जवळचा असेल तर आज हा सिनेमा नको. चार मित्र जमले असतील, त्यातल्या दोघांना भयपट सोसत नसतील, तरीही 'शॅडोज'च. रक्त त्यातही भरपूर आहे, पण त्याने कुणाची झोप उडणार नाही. तो आवडला तर २०१९ ते २०२४ या काळात त्यावरून आलेली सहा सीझनची मालिकाही आहे.

कुठलाही निवडा, शेवटी नावं सरकू लागली की लगेच बंद करू नका. दोन्हींत त्यानंतरही एक छोटं दृश्य आहे, आणि 'अफ्लिक्टेड'मधलं तर चुकवण्यासारखं अजिबात नाही.