पोच मिळाली का? एका मेसवालीनं लिहिलेला आमच्या नगरपालिकेचा रिव्ह्यू

गेली अकरा वर्षं मी तालुक्याच्या गावात मेस चालवते. दोन वेळचं जेवण, महिन्याचं कार्ड, रविवारी संध्याकाळी सुट्टी. पोरं जेवतात आणि खोलीवर जाऊन मोबाईलवर तारे देतात. मागच्या उन्हाळ्यात एकानं दोन तारे दिले आणि खाली लिहिलं, 'आमटीत डाळ शोधावी लागते.' दोन दिवस डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी गुपचूप डाळीचं माप वाढवलं. तेव्हाच मनात आलं, वाटीभर आमटीचा हिशोब मला द्यावा लागतो, मग ज्यांच्याकडं मी वर्षाची घरपट्टी-नळपट्टी भरते त्यांना तारे कुणी द्यायचे?

गावाचं नाव लिहीत नाही. क वर्गाची नगरपरिषद आहे, म्हणजे वस्ती चाळीस हजारांच्या आत. कागदावर नगरपरिषद, तोंडात पालिकाच. पाऊस कमी, वाद भरपूर.

घंटागाडीला चार तारे. आमच्या गल्लीत सात-दहाला येते. पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं, पण येतेच. मेसचा कचरा म्हणजे घरच्यासारखा मूठभर नसतो. कांद्याची सालं, मेथीच्या काड्या, उरलेला भात, दोन बादल्या भरतात. गाडीवरची बाई हातातल्या काठीनं बादली ढवळून बघते. एकदा तेलाची रिकामी पिशवी ओल्यात गेली होती. तिनं बादली तशीच माझ्या हातात परत दिली. 'काकू, हे तुमच्याकडंच ठेवा.' शेजारीण दारात उभी राहून बघत होती. त्या दिवसापासून आमच्याकडं पिशवी ओल्यात जात नाही. पाचवा तारा कापला त्यात त्या बाईचा दोष नाही. नणंदेच्या शेताकडं जाताना कचरा डेपो लागतो. तिथं ओला आणि सुका एकाच ढिगावर पडतो ते मी येता-जाता बघते. आणि तिच्या हातात मोजे मी फक्त एकदाच बघितले, तपासणीची टीम येणार होती तेव्हा.

पाण्याला अडीच. चार दिवसांआड येतं. व्हॉल्व्हचं चेंबर आमच्या दारासमोरच आहे, त्यामुळं सोडणाऱ्या मामांशी ओळख झाली. कमरेएवढ्या लोखंडी चावीचं तोंड ते चेंबरात घालतात, आडवा दांडा दोन्ही हातांनी धरतात आणि गोल फिरताना तोंडानं आटे मोजतात. आमच्या गल्लीला बावीस आटे. मध्ये कुणी बोललं की मामा उत्तर देत नाहीत, मोजणी चुकेल म्हणून. बाविसावा झाला की चावी काढून टेकवतात आणि मग विचारतात, 'चहा आहे का?' हा माणूस पाच ताऱ्यांचा आहे. पण पाणी कधी सुटणार ते त्याच्या हातात नाही. वीज गेली, जॅकवेलची, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवरची मोटर जळाली, मेन लाइन फुटली, असं काहीतरी असतं, आणि ग्रुपवर निरोप येतो तो आपण रात्री दीडला पिंप मोकळे करून बसल्यावर. वरच्या गल्लीतले लोक नळालाच मोटर लावतात. बंदी आहे म्हणे. खालच्या टोकाच्या म्हातारीच्या नळाला मग नुसती हवा येते, फुर्रर्र. महिन्याला मला दोन टँकर घ्यावेच लागतात.

रस्त्यावरचे दिवे बरे आहेत, लागतात. पुढं जाऊ.

आता ऑफिस. खरं म्हणजे हा सगळा रिव्ह्यू तीन नंबरच्या, म्हणजे घरपट्टीच्या टेबलासाठी आहे.

मागच्या भाद्रपदात सासूबाई गेल्या. घरीच गेल्या, झोपेत. जन्म-मृत्यू विभागाचा अनुभव चांगला आला, तो आधी सांगते. डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला आणि स्मशानभूमीची पावती घेऊन माझे दीर गेले. एकवीस दिवसांच्या आत नोंद केली तर पैसे लागत नाहीत आणि दाखल्याची पहिली प्रतही फुकट असते. तिसऱ्या दिवशी प्रत हातात. खिडकीवरची मुलगी विशीतली असेल, तिनं वर विचारलंही, 'बँकेसाठी, पेन्शनसाठी जास्तीच्या प्रती आत्ताच घेता का?' याला मी पाच तारे देते.

फक्त एक झालं. दिरांनी नाव सांगताना आदरानं मागं 'बाई' लावलं. दाखल्यावर 'बाई' आली. घरपट्टीच्या रजिस्टरला घर सासूबाईंच्या नावावर, तिथं बिनबाईचं. आधारवरही बिनबाईचं.

पोळ्यांच्या मशीनसाठी मला कर्ज काढायचं होतं. बँकेनं सांगितलं, जागेचा उतारा मालकाच्या नावानं आणा, आणि तो मालक जिवंत पाहिजे. म्हणजे वारसानं नाव लावायचं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळी कागदं घेऊन तीन नंबरला गेले. मृत्यू दाखला, आधार, दिरांचं आणि नणंदेचं संमतीपत्र, बिलं. टेबलावरच्या साहेबांनी दाखला आणि उतारा शेजारी शेजारी ठेवले, पेनाचं टोक आधी एका नावावर टेकवलं, मग दुसऱ्या, आणि म्हणाले, 'या दोन वेगळ्या बायका आहेत.'

मी म्हटलं, 'साहेब, एकच बाई होती. पस्तीस वर्षं मी तिच्या हाताखाली काढलीत. दुसरी असती तर मला कळलं असतं.'

हसले. पण प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणाले. बाहेर लिंबाखाली टायपिंगवाले बसतात. पाचशेचा स्टॅम्प पेपर, दोनशे टायपिंगचे, शंभर कसले ते विचारायचं नाही. आठशे रुपये देऊन मी कायदेशीररीत्या सिद्ध केलं की सासूबाई एकच होत्या.

मग बाकी. आधीची सगळी घरपट्टी भरल्याशिवाय नाव लागत नाही. हे बरोबरच आहे, माझ्याकडंही मागचं कार्ड भरल्याशिवाय नवीन मिळत नाही. दोन वर्षं राहिली होती, चूक आमची. पण थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, वर्षाचे झाले चोवीस. सावकारालाही बोलताना जीभ चावावी लागेल असा दर. बिल उघडून बघितलं तर घरपट्टी एक ओळ आणि खाली तिची पिलावळ: शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन, दिवाबत्ती, स्वच्छता. आणि रोजगार हमी कर. तो राहत्या घराला नसतो, धंद्याच्या जागेला असतो. आमच्या पुढच्या खोलीत मेस, म्हणून तेवढ्या खोलीला लागला. माझ्याकडं चार बायका पोळ्या लाटतात, म्हणजे रोजगाराची हमी मी देते आणि करही मीच भरते. असो. सगळे मिळून ११,४६० रुपये भरले. पावती जागच्या जागी मिळाली. पैसे घेताना यांचं काम एकदम चोख.

अर्ज दिला. साहेबांनी तो घेतला, ड्रॉवर उघडला, आत सरकवला. 'ठेवून जा, बघतो.'

इथं माझी चूक झाली. मी खरंच ठेवून आले.

पुढच्या पाच फेऱ्यांचं सगळं सांगत बसत नाही. पहिल्या फेरीत आचारसंहिता. आचारसंहितेत वारसाची नोंद का अडते हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. दुसऱ्या फेरीत साहेब निवडणुकीच्या कामाला. हे खरं होतं. २ डिसेंबरला मतदान झालं, निकाल लांबून २१ तारखेला लागले, तोवर अर्धं ऑफिस त्यातच. तिसऱ्यांदा सर्व्हर डाऊन. चौथ्यांदा साहेब जिल्ह्याला मीटिंगला. पाचव्यांदा साहेब जागेवर होते. त्यांनी ड्रॉवर उपसला, कपाट उपसलं, शिपायाला हाक मारली आणि मला सांगितलं, 'ताई, तुमचा अर्ज दिसत नाही. दुसरा द्या ना.'

आठशे रुपयांची एकच बाई ड्रॉवरात हरवली.

जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नव्हतेच, सरकारनं नेमलेले प्रशासक होते, तेव्हा म्हणायचो की आपला माणूस नाही, कुणाला सांगणार. आता नवीन नगरसेवक निवडून आलेत. त्यांनाही भेटले. 'काकू, झालं समजा,' म्हणाले. मी समजले. झालं नाही.

त्या रात्री ताटं वाढताना तोंडातून निघून गेलं. माझ्याकडं जेवणारी निम्मी पोरं एमपीएससीची आहेत. पोळीचा तुकडा हातात ठेवून एक जण म्हणाला, 'काकू, पोच घेतली होती का?' तोच. आमटीत डाळ शोधणारा, दोन ताऱ्यांचा.

मी म्हटलं, कसली पोच?

मग जेवण बाजूला राहिलं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा, २०१५ चा, या पोरांना पाढ्यासारखा पाठ असतो. अर्ज घेतला की पोच द्यावीच लागते, त्यावर तारीख, नंबर आणि काम किती दिवसांत होणार ते. ऑफिसात फलक लावावा लागतो, कुठली सेवा, किती दिवस, कोण अधिकारी, अपील कुणाकडं. मुदतीत झालं नाही की पहिलं अपील, मग दुसरं, आणि कारणाशिवाय अडवलं असेल तर त्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड. दुसरा पोरगा मध्येच म्हणाला, 'आणि स्टॅम्प पेपर कशाला घेतला? सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, २००४ पासून. साध्या कागदावर चालतं.' पाचशे रुपये. माझ्याकडची पन्नास साधी ताटं विकली की एवढा नफा सुटतो. मी त्याला जास्तीची पोळी वाढली, पण मन नव्हतं.

२९ डिसेंबरला परत गेले. आधी फलक शोधला. आहे. जिन्याखाली, पाण्याच्या फिल्टरच्या मागं, वर कुणाच्या तरी वाढदिवसाचं पोस्टर चिकटवलेलं. नखानं कोपरा खरवडला तर खाली निघालं: वारसाहक्काने मालमत्ता हस्तांतरण नोंद, १५ दिवस. मोबाईलवर फोटो काढला. या वेळी तीन नंबरला गेलेच नाही. तळमजल्यावरच्या आवक-जावकला दोन प्रती दिल्या. तिथल्या मावशींनी विचारलं, 'दुसरी कशाला?' म्हटलं, पोच. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, शाईचा पॅड ओढला, शिक्क्यावर हा करून वाफ सोडली, कारण पॅड सुकलेला होता, आणि माझ्या प्रतीवर ठप्प. आवक क्रमांक, तारीख, सही. शिक्का अर्धाच उठला. मी म्हटलं, 'मावशी, परत एकदा.' परत ठप्प.

अर्धं मिनिट. एवढंच काम होतं, आणि त्यासाठी माझे दीड महिने गेले. माझ्याकडं तीस दिवसांचं कार्ड असतं, खाडा धरला तरी टिंब पडतं, आणि कार्ड गिऱ्हाईकाच्या खिशात असतं, माझ्या ड्रॉवरात नाही. माझ्याकडं असतं तर पोरांनी मेस केव्हाच सोडली असती.

साहेब वाईट माणूस आहेत असं मी म्हणणार नाही. घरपट्टी त्यांच्याकडं, मागची जागा रिकामी म्हणून नळपट्टी त्यांच्याकडं, वर निवडणूक. लाटणाऱ्या दोन बायका एकाच दिवशी आल्या नाहीत की माझी काय तऱ्हा होते ते मला माहीत आहे. पण त्या दिवशीही मी गिऱ्हाईकाला सांगत नाही की तुमचं ताट दिसत नाही, दुसरं आणा.

पंधरा दिवस झाले, सोळाव्या दिवशी गेले. उतारा नव्हता. मी पहिल्या अपिलाचा अर्ज हातानं लिहून नेला होता, पोरांनी मजकूर सांगितला होता. तो टेबलावर ठेवला, वर पोचेची झेरॉक्स. साहेबांनी दोन्ही वाचलं. तारखेवर बोट ठेवून दिवस मोजले. मग म्हणाले, 'ताई, एवढं कशाला, परवा या.' परवा गेले. उतारा तयार. नवऱ्याचं नाव, शुद्धलेखनाच्या एका चुकीसकट, पण 'बाई' कुठं लागली नव्हती. ती चूक तिथंच पेनानं दुरुस्त करून बाजूला सही मागून घेतली.

तीन नंबरच्या टेबलाला दीड तारा. एक उताऱ्याचा, अर्धा 'परवा' म्हणाले आणि खरंच परवा दिला त्याचा. आवक-जावकच्या मावशींना चार. पॅडला शाई मिळाली तर पाच करीन.

मशीन आलं. पोळ्या जरा जाड होतात, त्यावरही कुणीतरी लिहिलंय, वाचलं मी. आमटीवाल्या पोरानं मात्र त्याचे दोनाचे चार केले. मागितले नव्हते.

नळपट्टीचं बिल काल आलं. अजून सासूबाईंच्याच नावानं. चौकशी केली तर नळाचं नाव बदलायचा अर्ज वेगळा असतो म्हणे, आणि तोही तीन नंबरलाच. सोमवारी जाते. दोन प्रती काढून ठेवल्यात.