ठासणीची बंदूक: दोन एफ की तीन एफ, आणि माप किती?

पहिली ठासणीची बंदूक घेतली की दुकानदार समोर काळ्या दारूचे, म्हणजे बंदुकीच्या जुन्या पद्धतीच्या दारूचे, दोन डबे ठेवतो. एकावर दोन एफ, दुसऱ्यावर तीन एफ. दोन्ही एक-एक पौंडाचे, किंमत जवळपास सारखीच. उचलायचा कुठला? अमेरिकेत हा छंद लागलेल्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. बहुतेकांकडे असते ती पन्नास कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीची रायफल, कापडाच्या चकतीत बसवलेली शिशाची गोल गोळी मारणारी. म्हणून सगळा हिशोब तिच्याच अंगाने मांडतो. (भारतात वाचत असाल तर लक्षात असू द्या, तिथे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. आमच्या कोकणात आजोबांकडे होती तीही शेती राखण्याच्या परवान्यावरच.)

एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. स्वयंपाकघरातून बघितलं तर एक एफ म्हणजे लापशीचा रवा, दोन एफ इडलीचा, तीन एफ उपम्याचा आणि चार एफ लाडवाचा बारीक रवा. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर दोन एफचा दाणा साधारण १.१९ ते ०.५९, तीन एफचा ०.८४ ते ०.३० आणि चार एफचा ०.४२ ते ०.१५. चार एफ नळीत भरायची नसते. ती चकमकीच्या बंदुकीची रंजक, बाहेरच्या वाटीत चिमूटभर घालायची. एक एफ जुन्या जाड नळीच्या मस्केटला आणि मोठ्या बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीला. आपला खरा प्रश्न मधल्या दोघींचाच.

हे आकडे नीट पाहिले तर एक गंमत दिसते. ०.५९ ते ०.८४ हा पट्टा दोन एफमध्येही बसतो आणि तीन एफमध्येही. त्यामुळे एका कंपनीची ‘दोन एफ’ दुसरीच्या ‘दोन एफ’सारखी वागेलच असं नाही. त्यात कोळसा कुठल्या लाकडाचा, दाणा किती घट्ट दाबलेला, यानेही फरक पडतो. स्विस नावाची दारू गोएक्सपेक्षा जोरकस, हे दोन्ही वापरलेला कोणीही सांगेल. म्हणून डबा बदलला की जुनं माप विसरायचं आणि खालून पुन्हा सुरुवात करायची. डब्यावरचे एफ मोजून निर्धास्त होणारे मला जास्त धोक्यात वाटतात, न मोजणाऱ्यांपेक्षाही.

दाणा बारीक झाला की तेवढ्याच वजनात जळायला पृष्ठभाग जास्त मिळतो. दारू लवकर जळते, नळीत दाब जास्त चढतो, गोळीला वेगही थोडा जास्त मिळतो. म्हणून तीन एफ घालायची तर दोन एफच्या मापातून दहा ते पंधरा टक्के कमी करायची, ही जुनी पद्धत. तीन एफने नळीत काजळीही सहसा कमी धरते. हा फायदा लहान वाटतो, पण काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून वायू होतच नाही, त्याची राख आणि क्षार होतात, काही धुरातून बाहेर जातात, उरलेले नळीतच बसतात. दहाव्या बाराला गज, म्हणजे गोळी ठासायची सळी, अडायला लागला की त्याची किंमत कळते. दोन एफच्या बाजूने सांगायचं तर ती सावकाश ढकलते, दाबाला सौम्य असते, आणि मापात दोन-चार ग्रेन इकडचे तिकडे झाले तरी फार रुसत नाही.

मग निवड कशी करायची? माझं मत आधी बंदुकीच्या घोड्याकडे बघायचं. चकमकीची असेल तर तीन एफ. चकमकीच्या बंदुकीत वाटीतल्या रंजकीची ज्वाला नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत जाते. बारीक दाणा त्या भोकापर्यंत नीट पोहोचतो आणि पटकन पेटतो. दोन एफने रंजक भुर्रकन उडून आतला बार फुकट गेल्याचे प्रसंग मला जास्त आलेत. शिवाय नडीला तीच तीन एफ रंजकीलाही चालते, दुसरा डबा बाळगावा लागत नाही. पेनसिल्वेनियात नाताळानंतरचा हरणांचा हंगाम १९७४ पासून फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी आहे. त्यासाठी बंदूक घेतली असेल तर फार विचार करू नका. मी स्वतः शिकार करत नाही, कागदालाच भोकं पाडतो, पण कडाक्याच्या थंडीत न पेटलेला बार दोघांनाही सारखाच चिडवतो.

टोपीची, म्हणजे कॅपवर चालणारी असेल तर दोन्ही चालतात. चोपन्न कॅलिबर आणि त्यापुढे मी दोन एफकडे वळतो. पंचेचाळीस आणि त्याखाली, तसंच पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला तीन एफ. बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीला दोन एफ. या सगळ्यावर एकच अट: बंदुकीच्या पुस्तिकेत तुमच्या कॅलिबरला फक्त दोन एफ छापली असेल तर तीन एफ नको. माझं मत काहीही असो, नळी बनवणाऱ्याला ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आता माप. इथला ‘ग्रेन’ म्हणजे दाणा नव्हे, ते वजन आहे, सुमारे ६५ मिलिग्रॅम. आपल्या गुंजेच्या साधारण निम्मं. सात हजार ग्रेनचा एक पौंड. जुना ठोकताळा असा की जितकं कॅलिबर तितक्या ग्रेनपासून सुरुवात. म्हणजे पन्नासला दोन एफचे ५० ग्रेन, तीन एफ असेल तर ४५. तिथून पाच-पाचने चढायचं, प्रत्येक मापाच्या पाच गोळ्या पन्नास यार्डांवर, प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधी नळीत फिरवून. पाच भोकं कुठे दाटीने पडतात ते बघायचं. पुस्तिकेतली कमाल मर्यादा आली की थांबायचं, भोकं कितीही पसरलेली असली तरी. मग बदलायचं ते कापड किंवा गोळीचा व्यास, दारू नव्हे. नळीच्या आतले आटे मंद असतील, म्हणजे ६६ इंचांत एक वळसा, तर ती मोठ्या मापावर खुलते. ४८ इंचांत एक वळसा असेल तर लहान माप बहुधा पुरतं.

मोठं माप घालून दूरवर फार काही पदरात पडत नाही. गोल गोळी हवेला वाईट कापते. ०.४९० इंची गोळी जेमतेम १७७ ग्रेनची, नळीच्या तोंडाशी कमावलेला जादा वेग शंभर यार्डांपर्यंत बराचसा विरून जातो. हाती राहतो खांद्याला बसलेला धक्का आणि अर्धा रिकामा डबा. ५० ग्रेनला पौंडाचे १४० बार होतात, ७० ला शंभर, ९० ला सत्त्याहत्तर. माझी रायफल तीन एफच्या ६० वर सुखी आहे. तुमची कदाचित ५५ वर असेल.

पर्यायी दारूचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण ती जास्त दुकानांत मिळते. टोपीच्या बंदुकीला पायरोडेक्स ठीक आहे: ‘आरएस’ दोन एफच्या जागी, ‘पी’ तीन एफच्या. पण ती आकारमानाने मोजायची, तराजूवर कधीच नाही. शंभरच्या मापात ती सुमारे सत्तर ग्रेनच भरते. तराजूवर शंभर तोललीत तर तुम्ही खूपच जास्त भरलीत. ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू तर आकारमानानेही पंधरा टक्के कमी घ्यायची. चकमकीला या दोन्ही नकोत, पेटायला त्यांना जास्त उष्णता लागते आणि चकमकीची ठिणगी तिथे कमी पडते.

आणि काळी दिसते ती प्रत्येक पूड काळी दारू नव्हे. आजच्या काडतुसांतली धूरविरहित दारूही काळपट दिसते आणि ठासणीच्या नळीत ती चमचाभरही गेली तर नळी फुटते, हात आणि डोळे जातात. डब्याचं लेबल निघालं असेल तर ती दारू वापरायची नाही, ‘बहुतेक तीच असेल’ म्हणूनही नाही. शिंगडातून, म्हणजे दारू ठेवायच्या शिंगातून, थेट नळीत ओतायचं नाही, आधी मापात, मग नळीत. आत एखादी ठिणगी राहिली असेल तर हातातलं फक्त माप पेटेल, अख्खं शिंगड नाही. गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासायची, मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका. रिकाम्या नळीत गज घालून तोंडाशी एक खूण करा, भरलेल्या नळीत दुसरी. बोलता बोलता दुहेरी बार भरला गेला तर ती दुसरी खूण नळीच्या बरीच वर उभी राहते आणि ट्रिगरला हात लावण्याआधीच दिसते.