दसऱ्याआधी की तुळशीच्या लग्नानंतर? गोव्यातला फ्लॅट सजवताना

चवथीचा गणपती बोळवून माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळा-पानांची चौकट, उतरवली की आमच्याकडे घराघरांत एकच विषय निघतो: आता घराला हात लावायचा. पावसाळाभर बंद असलेल्या खिडक्या उघडतात. कपाटातल्या साड्यांना कुबट वास सुटलेला असतो आणि चामडी चपलांवर हिरवट-पांढरी बुरशी आलेली असते. दिवाळी तोंडावर असते. रंगकाम, कपाट, पडदे हे सगळे दसऱ्याआधी उरकायचे, की तुळशीचे लग्न होईपर्यंत थांबायचे? दसरा ते तुळशीचे लग्न म्हणजे जेमतेम महिना, पण गोव्याच्या हवेत त्या एका महिन्याने फार फरक पडतो. फोंड्यातल्या फ्लॅटमध्ये मी दोन्ही करून पाहिले आहे.

दसऱ्याआधी करण्यामागची ओढ मला पूर्ण समजते. नरक चतुर्दशीला पहाटे नरकासुराचा पुतळा जळतो, अभ्यंगस्नान होते, तुळशीपुढे डाव्या पायाने कारीट फोडले जाते आणि मग घरोघर फोव, म्हणजे पोहे, खाणे सुरू होते. दुधातले, ताकातले, गुळातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे. एका सकाळी चार-पाच घरची माणसे आपल्या हॉलमध्ये बसून जातात. त्या सकाळी भिंतीवर डाग दिसू नयेत असे कोणाला वाटणार नाही? पहिल्या वर्षी मलाही तेच वाटले होते.

रंगारी अनुभवी होता. पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवून तो म्हणाला, "पावस अजून वचूंक ना." म्हणजे पाऊस अजून गेलेला नाही. मी ऐकले नाही. नवरात्रात पुट्टी, प्रायमर आणि प्लास्टिक इमल्शनचे दोन हात झाले. दिवाळीत भिंत सुंदर दिसली. शिमग्यापर्यंत सोफ्यामागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, रंगाला फुगे आले. नखाने एक फुगा उकलला तर आत पिठासारखा पांढरा खार होता आणि त्याखाली प्लास्टर ओले. पावसाळाभर भिंतीने प्यायलेले पाणी बाहेर पडू पाहत होते आणि मी त्यावर रंगाचा पापुद्रा चढवून त्याची वाट अडवली होती.

म्हणून भिंतींच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: थांबा. नैर्ऋत्येचा पाऊस जून ते सप्टेंबर पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींना झोडपतो, आणि वरून कोरडी दिसणारी भिंत आतून वाळायला आठवडे घेते. ऑक्टोबरमध्ये दुपारी उकडते, संध्याकाळी घाटाकडून ढग येतात आणि गडगडाटासह सर कोसळते. ही सर बहुधा पूर्वेकडून येते. त्यामुळे पावसाळाभर कोरडी राहिलेली पूर्वेची बाल्कनी नेमकी तेव्हा भिजते. नोव्हेंबरात सकाळचा उगवतीचा कोरडा वारा सुरू झाला की खरी वाळण होते.

कोणाच्या अंदाजावर विसंबायचे नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसेच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतली दमट हवा. पहिल्या परिस्थितीत कितीही महागडा रंग फुकट जातो. दुसऱ्या परिस्थितीत खिडक्या उघड्या ठेवणे आणि पंखा चालवणे पुष्कळदा पुरते.

थांबण्यात एक अडचण मात्र आहे. तुळशीच्या लग्नानंतर नाताळ जवळ येतो आणि ख्रिस्ती शेजारीही नाताळाआधी घर रंगवून घेतात. रंगारी तेव्हा मोकळा सापडत नाही. त्याला चवथीनंतर लगेच सांगून ठेवा आणि नोव्हेंबरची तारीख आधीच पक्की करा.

सुताराकडच्या कामातही हाच हिशेब. पावसात लाकूड फुगते, न्हाणीघराचा दरवाजा चौकटीत अडकतो, आणि आपण दिवाळीआधी सुताराला बोलावून तो रंधून घेतो. जानेवारीत तेच लाकूड आकसते आणि चौकटीत बोटभर फट दिसते. दरवाजा अगदीच उघडत नसेल तर कडेला मेणबत्ती घासा आणि तुळशीच्या लग्नापर्यंत कळ काढा. पण दसऱ्याच्या सवलतीत मिळणारे तयार कपाट घ्यायचे असेल तर मुहूर्तापेक्षा ते कशाचे आहे हे बघा. भुश्शाच्या बोर्डाचे कपाट स्वस्त पडते, पण गोव्यात दोन पावसाळ्यांत त्याच्या तळाच्या कडा पावासारख्या फुगतात. प्लायवूड घेणार असाल तर स्वयंपाकघरासाठी आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लाय, म्हणजे पाणी सोसणारे, मागा. जुने सागवानाचे किंवा फणसाच्या लाकडाचे कपाट कोणी विकत असेल तर मी दुकानाकडे वळणारही नाही. कोणतेही कपाट असो, भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवा. त्या फटीतून वारा खेळला की मागची बुरशी निम्म्याने कमी होते, हे मी माझ्याच दोन खोल्यांत पाहिले आहे.

पडद्यांचा प्रश्न उलटा आहे. इथे थांबण्यात अर्थ नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत गोव्यात भर दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा उत्तरेला असतो. ऑक्टोबरात तो दक्षिणेला चांगला झुकतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येते. गाद्या-उशा वाळवायला हे ऊन मिळते ते बरेच, पण दुपारी त्याच खोलीत बसवत नाही. सुती पडदा ऊन छान अडवतो, अंगाला गारवा देतो, पण पावसाळ्यात ओल धरतो. पॉलिस्टरचा लवकर वाळतो, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात खोली कोंदट वाटते. मी दोन जोड ठेवले आहेत: शिमग्यापासून मृगापर्यंत आणि दसऱ्यापासून पुढे सुती, मधल्या ओल्या महिन्यांत पॉलिस्टर. एकच जोड परवडणार असेल तर सुतीच घ्या, फक्त पातळ विणीचे, अस्तर न लावलेले. लाल कुणबी चौकड्याचे कापड पांढऱ्या भिंतीवर फार खुलते, आणि जुन्या भिंतीकडचे लक्षही ते आपल्याकडे ओढून घेते.

आकाशकंदील तर दिवाळीचाच, त्याला थांबायचा प्रश्न नाही. बांबूच्या काड्यांचा, पतंगाच्या कागदाचा कंदील लावावा असे मला मनापासून वाटते. आमच्या सोसायटीतली मुले जिन्यात बसून खळ लावतात तेव्हा दिवाळी आली हे कळते. पूर्वेची बाल्कनी असेल तर मात्र तो आत, छताखाली दोन हात टांगा, नाहीतर संध्याकाळच्या एका सरीत सांगाडा उरतो. कापडी कंदील टिकतो, पण काढून ठेवताना नीट वाळवला नाही तर पुढच्या वर्षी काळे ठिपके घेऊन बाहेर येतो.

यंदाचा निर्णय घेताना पंचांगही बघा. २०२५ मध्ये नरक चतुर्दशी २० ऑक्टोबरला होती, भिंती ओल्याच होत्या. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती ८ नोव्हेंबरला येते. अशा वर्षी दसऱ्यानंतर प्लास्टिकची परीक्षा करून पाहा. भिंत कोरडी निघाली तर फोव खायला माणसे येण्याआधी निदान हॉल रंगवून होईल. माझ्या पश्चिमेच्या भिंतीला मात्र त्याही वर्षी मी तुळशीसाठी ऊस, आवळा आणि चिंच आणीपर्यंत हात लावणार नाही. तिच्यासमोर तोवर झेंडूच्या कुंड्या ठेवीन.